बोट कुणाची? पैसे कुणाला?

दिवाळीची सुट्टी लागली की घाटावरची माणसे कोकणात उतरू लागतात. डिसेंबरात शाळा-कॉलेजांच्या सहली येतात, नाताळात गोव्याकडे जाणाऱ्यांची रीघ लागते आणि मे महिन्यात तर मालवणच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नसते. ही मंडळी परतताना काजू, कोकम आणि मालवणी खाजे यांच्या पिशव्यांबरोबर एक तक्रारही घेऊन जातात, 'समुद्रावर आम्हांला फसवले!' आमच्या वसतिगृहात सुट्टीनंतर ही तक्रार मला हमखास ऐकवली जाते. कारण मी मालवण तालुक्यातला. जणू काही अरबी समुद्राचा मुखत्यार म्हणून मीच येथे येऊन राहिलो आहे!

माझे म्हणणे असे, की समुद्रावर फसवणूक फारच थोडी होते. ती होते जमिनीवर. रिक्षातून उतरताना, खोलीचे भाडे ठरवताना, चहाच्या टपरीवर कुणी 'दादा, स्कूबा करणार काय?' असे विचारतो तेव्हा. बोटीत बसेपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून सावधगिरी बाळगायची ती वाळूवर उभे असतानाच. हे मी ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाही. माझ्या मामाची देवबागला एक बोट आहे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा 'झील शिकता हा' म्हणून दोन उन्हाळे हिशेबाची वही माझ्याकडे देण्यात आली होती. गिऱ्हाइकाने किती रुपये मोजले आणि वहीत किती जमा झाले, या दोन आकड्यांमधले अंतर त्या वहीने मला शिकवले. अर्थशास्त्राच्या तासाला 'मध्यस्थ' हा शब्द आला तेव्हा मला तो नव्याने शिकावा लागला नाही.

समजा, एका माणसाने एका सहलीचे हजार रुपये दिले. गिऱ्हाईक पहिल्यांदा ज्याने पाहिले तो रिक्षावाला किंवा खोलीचा मालक. त्याचा वाटा निघतो. त्याने ज्याच्याकडे पाठवले तो एजंट. त्याचा वाटा निघतो. कधी कधी हा एजंट स्वतःची बोट नसलेल्या दुसऱ्या एजंटाला गिऱ्हाईक 'विकतो'. आमच्याकडे हाच शब्द वापरतात. शेवटी बोटवाल्याच्या हाती पाचशे उरले असे धरू. त्यातून इंधन, खलाशाची मजुरी, पाण्यात उतरवणाऱ्या मुलाची मजुरी आणि बोटीचा हप्ता. आता हजार रुपये देणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे हजाराची सहल असते, आणि बोटवाला पाचशेची सहल घडवतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. मधले पाचशे ज्याच्या खिशात गेले तो मात्र त्या वेळी तिसऱ्याच रिक्षातून उतरणाऱ्या माणसाला 'या वहिनी, या' म्हणत असतो.

सगळेच एजंट लबाड असतात असे मला म्हणायचे नाही. आमच्या वाडीतला एक एजंट गिऱ्हाईक परत किनाऱ्याला लागेपर्यंत उन्हात उभा राहतो, कुणाची चप्पल हरवली तरी शोधून देतो. त्याचे कमिशन त्याच्या घामाचे आहे. पण वाईट एजंट ओळखायची एक खूण आहे. तो सहलीबद्दल खूप बोलतो आणि बोटीबद्दल काहीच बोलत नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. घाटावरचे एक सहाजणांचे कुटुंब मामाच्या बोटीवर आले. त्यांना एजंटाने डॉल्फिन, संगम, त्सुनामी बेट, स्कूबा आणि वर किल्ल्याला प्रदक्षिणा एवढे कबूल केले होते. मामाला फोनवर सांगितले होते, 'सहा माणसे, दोन पॉइंट.' दोन पॉइंट दाखवून मामाने बोट वळवली तेव्हा त्या गृहस्थांचा पारा चढला. म्हातारी आजी बरोबर, मुले हिरमुसलेली, आणि शिव्या खातो आहे मामा. मामाने शांतपणे एवढेच विचारले, "पैसे कोणाक दिलात तुमी?" गृहस्थांनी मोबाईलमधला एक नंबर दाखवला. त्या नंबराचा फोन बंद. शेवटी मामाने पदरचे डिझेल जाळून त्यांना आणखी एक फेरी मारून आणली. पण त्या गृहस्थांच्या मनात 'मालवणचे बोटवाले चोर' ही नोंद झाली ती झालीच. ज्याने पैसे घेतले त्याचा चेहरा कुणाला आठवत नाही, ज्याने बोट चालवली त्याचा आठवतो.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो दराचा नव्हे, 'बोट कुणाची?' हा. बोट दाखवा म्हणावे. तिचा मालक किंवा तांडेल कोण ते पाहावे आणि जे ठरले आहे ते त्याच्यासमोर पुन्हा एकदा मोठ्याने बोलून घ्यावे. कुठे कुठे नेणार, पाण्यावर किती वेळ, बोटीत आणखी किती माणसे असणार, आणि ठरलेल्या पैशांत काय येत नाही. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. काय येते हे सांगायला सगळेच उत्सुक असतात. काय येत नाही हे विचारल्यावर मात्र फोटोचे वेगळे, व्हिडिओचे वेगळे, बेटावर उतरायचे वेगळे, लॉकरचे वेगळे असे एकेक बाहेर पडू लागते. पैसे शक्यतो बोटीजवळ, बोटवाल्याच्या देखत द्यावे आणि पावती घ्यावी. आगाऊ द्यावेच लागले तर थोडे द्यावे. एकदा सगळी रक्कम हातावेगळी झाली की आपले म्हणणे ऐकून घ्यायला कुणाला फुरसत नसते.

'पॉइंट' हा शब्दही समजून घेतला पाहिजे. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी अशी ती जागा आहे. 'सात पॉइंट' म्हणून जे विकले जाते त्यातले निम्मे या टापूतच असतात. आणि त्यांतल्या किती ठिकाणी उतरायचे व किती नुसते बोटीतून बोटाने दाखवले जाणार, हे विचारल्याशिवाय कळत नाही. त्सुनामी बेट म्हणजे प्रत्यक्षात खाडीतला वाळूचा उंचवटा आहे. भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ न सांगता 'बेटावर दोन तास मजा' कबूल करणारा माणूस एक तर नवखा असतो किंवा बेरकी.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्यांचे त्या मानाने सरळ आहे. मालवणच्या धक्क्यावरून जाऊन-येऊन तिकीट काढायचे आणि वर ठरलेला वेळ, साधारण तासभर, थांबून त्याच होडीने परतायचे. १६६४ साली बांधायला घेतलेला आणि १६६७ साली पुरा झालेला हा किल्ला तासाभरात काय पाहून होणार? ज्यांना खरोखर पाहायचा असेल त्यांनी जादा वेळ मिळेल का हे होडीत बसण्यापूर्वीच विचारावे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी तर नक्कीच.

आता स्कूबाविषयी जरा विस्ताराने लिहितो, कारण सर्वांत जास्त पैसे, सर्वांत जास्त गैरसमज आणि सर्वांत जास्त धोका तेथेच आहे.

पहिला गैरसमज असा, की पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो. तसे नाही, त्यात आपण श्वासात घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. दुसरा गैरसमज असा, की स्कूबा केले म्हणजे आपण पाणबुडे झालो. सुट्टीतल्या पर्यटकाला जे घडवतात ती नुसती ओळख असते. प्रशिक्षक त्याला पूर्ण वेळ धरून असतो आणि तोंडातून श्वास घ्यायचा एवढेच त्याचे काम. या ओळखीच्या बुडीसाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण-संस्थांनी १२ मीटर ही कमाल खोली ठरवली आहे. कमाल म्हणजे जास्तीत जास्त. आमच्या किनाऱ्यावर किल्ल्याच्या आसपासच्या खडकांजवळ प्रत्यक्षात बरेच उथळ पाणी असते, आणि नवख्या माणसाला तेच योग्य. पण जाहिरातीच्या फलकावर असते निळेशार पाणी, लाल-पिवळी प्रवाळे आणि शेजारून जाणारे मोठे कासव. तो फोटो बहुधा अंदमानचा किंवा त्याहूनही लांबचा असतो. आमच्या पाण्यात नद्यांचा गाळ येतो. एखाद्या दिवशी तळ स्वच्छ दिसतो, एखाद्या दिवशी हातभर पुढचे दिसत नाही. तेव्हा फलकावरचा फोटो पाहू नये. 'काल काढलेला व्हिडिओ दाखवा' असे म्हणावे. काल बोट गेली असेल तर तो कुणाच्या ना कुणाच्या मोबाईलमध्ये असतोच.

वेळेच्या बाबतीतली गोम अशी. 'अर्धा तास स्कूबा' असे सांगतात त्यात कपडे बदलणे, बोटीच्या शिडीवर रांगेत थांबणे, मुखवटा बांधणे आणि फोटो काढणे हे सगळे धरलेले असते. पाण्याखाली नक्की किती मिनिटे, हे वेगळे विचारावे. गर्दीच्या दिवसांत एका बोटीवर माणसे भरपूर आणि प्रशिक्षक मोजके, अशा वेळी एकेकाच्या वाट्याला येतात ती मिनिटे कमी होतात. एका प्रशिक्षकाकडे एका वेळी एकच माणूस असेल ना, हेही विचारून घ्यावे. यात घासाघीस करू नये.

चांगला स्कूबावाला ओळखायची माझी कसोटी अशी, की तो आधी तुम्हांला प्रश्न विचारतो. दमा आहे का, हृदयविकार आहे का, कानाचे दुखणे आहे का, कालच दारू प्यायली होती का, सर्दी आहे का. तो एक कागद भरून घेतो. मग उथळ पाण्यात उभे करून तोंडाने श्वास घ्यायला, कानांत दडा बसला तर नाक दाबून हवा सोडायला आणि हाताच्या खुणा करायला शिकवतो. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' असा नसून 'मला वर न्या' असा होतो, हे त्याने सांगितले पाहिजे. न सांगितल्यामुळे मौजेने अंगठा दाखवणारे लोक पाण्याखालून वर आणले जातात आणि वर येऊन भांडतात. यांपैकी काहीही न विचारता जो 'काही होत नाही हो, चला' म्हणतो, त्याने दर निम्मा सांगितला तरी त्याच्याकडे जाऊ नये. चिपी किंवा मोपा विमानतळावरून त्याच संध्याकाळी परतणार असाल तर तेही बोलून दाखवावे, कारण एका साध्या बुडीनंतरही निदान १२ तास विमानप्रवास करू नये असा संकेत आहे. पॅकेज विकणाऱ्याने हे सांगितल्याचे मी अजून ऐकलेले नाही.

शेवटी हातात एक रंगीत प्रमाणपत्र पडते. ते भिंतीवर लावायला चांगले. ते म्हणजे परवाना नव्हे, आणि त्यासाठी कुणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नयेत. ज्याला खरोखर शिकायचे असेल त्याच्यासाठी तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने प्रशिक्षण संस्था उभारली आहे.

डॉल्फिनचे प्रकरण त्या मानाने विनोदी आहे. 'डॉल्फिन गॅरंटी' अशी पाटी मी स्वतः वाचली आहे. डॉल्फिन हा रानातल्या वाघासारखा मोकळा प्राणी. त्याची हमी कोण देणार? सकाळी मतलई वारा असतो, पाणी सपाट असते, तेव्हा त्याची पाठ लांबूनही दिसते. दुपारी खारा वारा सुटला, लाटांना फेस आला की प्रत्येक लाट डॉल्फिनसारखी दिसू लागते आणि एजंटाची हमी आपोआप पुरी होते! 'दिसले नाहीत तर पैसे परत' असे कुणी म्हणाला तर 'दिसले' हे कोण ठरवणार असे विचारावे. अनुभवी तांडेल हमी देत नाही. तो म्हणतो, "सकाळी या, नशीब असला तर गावतीत." शिवाय एकाच कळपाच्या मागे चार-पाच बोटी लावून त्याला पळवणे बरे नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने डॉल्फिनला सर्वोच्च संरक्षण दिलेले आहे. इंजिन बंद करून थांबणाऱ्या बोटीजवळ ते पुष्कळदा आपण होऊन येतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

गोव्याच्या कळंगुट-बागा किनाऱ्यावर याच सगळ्याची मोठी आवृत्ती भेटते. तेथे 'पाच खेळ एकत्र' असे पॅकेज असते. पॅरासेलिंग, जेट स्की, बनाना, बंपर आणि स्पीड बोट. पाच नावे ऐकून माणसाला वाटते, अर्धा दिवस गेला! प्रत्यक्षात जेट स्कीवर चालवणारा मागे बसलेला असतो, थोडे अंतर जाऊन वळसा घेतो आणि चार-दोन मिनिटांत आपण परत वाळूवर असतो. बसण्यापूर्वी 'कुठून वळणार?' असे विचारून ती जागा डोळ्यांनी पाहून ठेवावी. पॅरासेलिंगमध्येही हवेत राहायची मिनिटे थोडीच. पाण्यात पाय बुडवून आणण्याला 'डिप' म्हणतात आणि त्याचे जादा पैसे नेमके दोरी बांधून झाल्यावर मागितले जातात. त्या क्षणी नाही म्हणायला धीर होत नाही. ते आधीच ठरवून टाकावे.

गोव्यात १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटनाचा धंदा करणाऱ्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागितला म्हणून खरा धंदेवाईक रागावत नाही. भाड्याच्या स्कूटरचे तर आणखी सोपे आहे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील तर ती भाड्याने देण्याचा परवाना असलेली गाडी. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी, आणि पोलिसांनी अडवले की दंड आपल्या माथी. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी तिचा व्हिडिओ काढून ठेवावा, म्हणजे परत करताना जुन्या ओरखड्याचे पैसे अनामत रकमेतून कापले जात नाहीत.

येथवर जे लिहिले ते पैशांपुरते झाले. पण पैशांची आणि जिवाची फसवणूक वेगवेगळी नसते, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. दर पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दर पाडून मिळतोही. मग ते पैसे कुठून तरी काढावे लागतात. दहा माणसांच्या बोटीत चौदा बसवून ते निघतात. जुनी लाईफ जॅकेटे आणखी एक मोसम वापरून निघतात. शिकलेल्या प्रशिक्षकाऐवजी नुसता पट्टीचा पोहणारा मुलगा ठेवून निघतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी २० जणांची बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक दगावले. २०२४ च्या नाताळच्या दिवशी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एकाचा मृत्यू झाला; सुमारे वीसजणांना वाचवण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये उत्तर गोव्यात केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिचा चालक दोघेही दरीत पडून मरण पावले, आणि तो धंदा परवान्यावाचून चालला होता असे पोलिसांनी सांगितले. तारकर्लीचा अपघात झाला त्या दिवशी आमच्या वाडीत एकाही घरात दिवे लागले तरी बोलणे झाले नाही. मी तेव्हा शाळेत होतो.

लाईफ जॅकेट हातात देतात, ते नुसते खांद्यावर अडकवून फोटो काढायचे नसते. सगळे बंद लावून, छातीपाशी धरून कुणाला तरी वर ओढायला सांगावे. हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. लहान मुलाला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले तर पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली सरकते. लहान मापाचे नसेल तर मुलाला बोटीत नेऊ नये. बोटीवर तिचा नोंदणी क्रमांक असतो, आणि तिला किती माणसे घ्यायची परवानगी आहे हे तिच्या कागदांवर असते. महाराष्ट्रात सागरी मंडळ आणि गोव्यात बंदर कप्तानांचे खाते हे पाहते. माणसे मोजायला तर कुणाचा परवाना लागत नाही. आमच्या कॉलेजची सहल गेली तर सरांनी आणि मॅडमनी हे मोजण्याचे काम स्वतःकडे घ्यावे अशी माझी नम्र विनंती आहे. विद्यार्थी त्या वेळी फोटोत गुंतलेले असतात.

पावसाळ्यात, साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत, आमच्याकडची पर्यटकांची जलवाहतूक बंद ठेवण्यात येते. मामाची बोटही तेव्हा झापांनी शाकारून वर ओढून ठेवलेली असते. 'ऑफ सीझन' म्हणून स्वस्तात समुद्रात नेतो म्हणणारा त्या काळात भेटला तर स्वस्त काय आहे हे ओळखावे. किनाऱ्यावर लाल बावटा असेल तर पाण्यात उतरायचे नाही. लाल-पिवळा असेल तर जीवरक्षकांची नजर असलेला तो भाग आहे.

एजंटाची नवी जात आता मोबाईलमध्ये राहते. खऱ्या हॉटेलाचे फोटो उचलून खोट्या नावाचे पान तयार करायचे, दर थोडा कमी ठेवायचा, 'शेवटच्या दोन खोल्या' म्हणून घाई करायची आणि आगाऊ रक्कम मागायची. गेल्या मोसमात अशी दोन कुटुंबे आमच्या वाडीत रात्री सामानासकट उभी होती. ज्या नावाचे हॉटेल ते शोधत होते ते तेथे कधीच नव्हते. पैसे पाठवण्यापूर्वी गावातल्या कुणाला तरी विचारावे. ग्रामपंचायतीत, शेजारच्या दुकानात, नाहीतर वसतिगृहातल्या माझ्यासारख्या कुणाला. आणि 'परतावा देतो, कोड स्कॅन करून पिन टाका' असे कुणी म्हणाला तर फोन तिथेच बंद करावा. पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. तरीही पैसे गेले तर तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे; जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त.

एवढे करूनही फसलात, तर बहुतेक लोक एकच करतात. घरी येऊन चार जणांना सांगतात आणि विसरून जातात. परगावी जाऊन कोर्टकचेऱ्या कोण करणार, हे त्यामागचे कारण. लबाड माणसाचा सगळा भरवसा याच गोष्टीवर असतो. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण दूर केली आहे. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते. मालवणात फसलेल्या सोलापूरच्या माणसाने मालवणला फेऱ्या मारायची गरज नाही. उलट फसवणाऱ्याला सोलापूरला यावे लागेल. सहलीला मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असेही नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करून पाहावा. तेथे मराठीतही बोलता येते.

मात्र त्यासाठी हातात काहीतरी लागते. पावती, बोटीचा नंबर, पैसे पाठवल्याची नोंद, ज्या पाटीवर सगळे कबूल केले होते तिचा फोटो. मामाने या वर्षी पावती पुस्तक छापून घेतले. त्यावर कुठे नेणार, किती वेळ आणि किती माणसे यांसाठी तीन रिकाम्या ओळी आहेत. त्या मी सुचवल्या. एका एजंटाने त्या पुस्तकावर पावती फाडायला साफ नकार दिला. त्याची गिऱ्हाइके मामाने घेणे बंद केले आहे, आणि ती आता धक्क्यावरच्या दुसऱ्या कुठल्या तरी बोटीत बसतात.